जन्मदात्या आईच्या शोधात कोकणात येण्याआधी

आमच्या आईला लग्नाआधी एक मुलगी झाली होती आणि ती दत्तक दिली गेली, हे आम्हा भावंडांना ती मुलगी पन्नाशीला टेकल्यावर कळलं. आता मी तिला ताई म्हणते. आमचं घर देवगड तालुक्यातलं. वडील गेलेले, आई गावी, तिच्याजवळ भाऊ आणि वहिनी, मी लग्न होऊन मुंबईला. ताईचं येणं आमच्या घराला सोपं गेलं नाही. त्यानंतर ओळखीतून ओळख निघत दत्तक गेलेल्या काहीजणी मला फोन करू लागल्या. त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. आमची माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

कोकणात माणूस शोधणं फारसं अवघड नसतं. गाव, वाडी आणि आडनाव हातात असलं की दिवेलागणीपर्यंत दार सापडतं. पण तुम्ही येऊन गेल्यावरही त्या बाईला त्याच घरात, त्याच वाडीत राहायचं असतं. त्यामुळे शोध कसा घ्यायचा याइतकंच सापडल्यावर कसं वागायचं हेही या लेखात येईल.

आधी स्वतःच्या घरातली कागदं

अर्ज करण्यापूर्वी तुमच्याच घरातलं कपाट उघडा. तुम्हाला हवे आहेत दत्तकविधानाचा कोर्टाचा आदेश किंवा नोंदणीकृत दत्तकपत्र, संस्थेशी झालेला पत्रव्यवहार, देणगीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड आणि लहानपणीचा फोटो. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, तोही पाहा. जन्माच्या दाखल्यावर विसंबू नका. दत्तकानंतर निघालेल्या दाखल्यावर दत्तक आईवडिलांचंच नाव असतं, आणि ते कायदेशीरच आहे.

हिंदू कुटुंबातलं दत्तक बहुतेक वेळा १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली झालेलं असतं. त्या कायद्यात दत्तकपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदलेलं असेल तर दत्तक कायदेशीर झालं असं न्यायालय गृहीत धरतं. ख्रिश्चन, मुस्लिम आणि पारशी कुटुंबांना हा कायदा लागू नाही. त्यांच्याकडे जुन्या काळी १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं, म्हणून तुमच्या कागदावर दत्तक हा शब्दच सापडला नाही तर दचकू नका. बाल न्याय कायद्याखालची दत्तक प्रकरणंही आधी कोर्टातच जायची. १ सप्टेंबर २०२२ पासून ते आदेश जिल्हाधिकारी देतात. हा लेख वाचणाऱ्या सज्ञान बाईचं दत्तक संस्थेतून झालं असेल तर तिचा कागद मात्र बहुधा कोर्टातच असणार.

दत्तक आईवडील हयात असतील तर त्यांना सांगायचं का? कायद्याने अठरा वर्षांवरच्या माणसाला त्यांची परवानगी लागत नाही. पण जुन्या पावत्या कुठल्या ट्रंकेत आहेत ते त्यांनाच माहीत असतं, आणि तुम्ही कुठे गेला होतात हे त्यांना तिसऱ्याकडून कळलं तर ते जन्मभर लागून राहतं. माझं मत, सांगावं. ताईने सांगितलं होतं. तिच्या आईने तीन दिवस अबोला धरला आणि चौथ्या दिवशी स्वतःच संस्थेचं जुनं पाकीट काढून दिलं.

आणखी एक प्रकार आपल्याकडे फार आहे: घरातल्या घरात दिलेलं मूल. मूल नसलेल्या मावशीला किंवा चुलत्याला बहिणीची दुसरी-तिसरी मुलगी दिली, कागद केला नाही, शाळेत नाव लावलं आणि झालं. इथे शोधायचं काहीच नसतं, कारण तुम्ही सोडून सगळ्यांना माहीत असतं. अशा वेळी घरातली सर्वांत म्हातारी आत्या गाठा, तिला एकटीला गाठा, आणि लग्नाकार्यात हा विषय काढू नका.

अर्ज कुठे आणि कोणी करायचा

सरकारी भाषेत याला रूट सर्च म्हणतात. केंद्राच्या दत्तक नियमावलीत दत्तक गेलेल्या व्यक्तीला आपण कुठून आलो आणि कोणत्या परिस्थितीत संस्थेत आलो हे जाणून घेण्याचा हक्क दिला आहे. अर्ज ज्या संस्थेतून तुम्हाला घेतलं तिच्याकडे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे, राज्याच्या दत्तक यंत्रणेकडे किंवा थेट दिल्लीच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे करता येतो. संस्था बंद पडली असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षापासून सुरुवात करा. पुण्यात महिला व बाल विकास आयुक्तालय आहे, तिथेही पत्राची एक प्रत द्या. सोबत ओळखपत्र, आदेशाची नक्कल, फोटो आणि तुम्हाला नेमकं काय हवं ते एका पानात लिहा. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

तीन गोष्टी आधीच समजून घ्या. तुमच्या वतीने तिसऱ्या माणसाला हा शोध घेता येत नाही, म्हणून ‘आठवड्यात आई शोधून देतो’ म्हणणाऱ्या खासगी गुप्तहेराला पैसे देऊ नका. माहितीच्या अधिकारातही हे बसत नाही, कारण दत्तकाच्या नोंदी गोपनीय असतात. आणि जन्मदात्या आईचा खासगीपणाचा हक्क तुमच्या हक्काखाली दबत नाही. तिने ओळख उघड करायला संमती दिली नसेल तर यंत्रणा आधी तिची लेखी संमती विचारते. ती नाही म्हणाली किंवा सापडलीच नाही, तर मूल का आणि कोणत्या परिस्थितीत दिलं गेलं एवढंच तुम्हाला सांगतात.

हा शेवटचा नियम ऐकून पुष्कळजणी चिडतात. मी त्याच्या बाजूने आहे. संमती विचारायला आलेली बाई सरकारी कामाचं निमित्त करून येऊ शकते, तुम्ही अचानक दारात उभ्या राहिलात तर आईला कुठलंच निमित्त उरत नाही.

फाइल वाचताना

सगळ्यात आधी बघा की नोंद कोणत्या प्रकारची आहे. ‘सोडून दिलेलं मूल’ असेल तर आईचं नाव बहुधा नसतं. मूल कुठे सापडलं, कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद झाली, वर्तमानपत्रात जाहिरात दिली का, एवढंच मिळतं, आणि अनेकींचा शोध तिथेच थांबतो. ‘समर्पित’ असेल तर आईने किंवा तिच्या घरच्यांनी लिहून दिलेला कागद असतो. आजच्या कायद्यात तो बाल कल्याण समितीसमोर होतो आणि विचार बदलायला आईला साठ दिवस मिळतात. जुन्या फायलींत एखादं स्टँपपेपरचं पान, खाली अंगठा किंवा थरथरती सही आणि साक्षीदार म्हणून मामाचं किंवा काकाचं नाव, एवढ्यावर भागवलेलं दिसतं.

त्या पानावरचं नाव जसंच्या तसं खरं धरू नका. कुमारी मातेला नातेवाइकांनी दुसऱ्या शहरात ठेवलेलं असायचं आणि दवाखान्यात खोटं नाव सांगितलेलं असायचं. नाव खरं असलं तरी ते माहेरचं असतं. लग्नात आडनाव तर बदलतंच, पण आपल्याकडे नावही बदलायची रीत होती. फाइलमधली ‘सुमन’ सासरी ‘वैशाली’ होऊन आयुष्य काढते आणि मतदार यादीत नवऱ्याच्या नावामागे सापडते. म्हणून पहिला शोध माहेरचा. आईच्या वडिलांचं नाव आणि गाव हे तिच्या स्वतःच्या नावापेक्षा भरवशाचे. गाव कळलं तर तिथल्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टर असतं, त्यात मुलीचं मूळ नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची तारीख मिळते. पण हे रजिस्टर तुम्ही स्वतः जाऊन मागू नका, का ते पुढे सांगते.

जिल्ह्यांच्या नावांत खूप घोळ होतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदावर ‘जिल्हा रत्नागिरी’ लिहिलं असेल तर गाव आजच्या देवगड, मालवण, वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी किंवा कणकवलीकडचंही असू शकतं. जुन्या कागदावरचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात होतं. शिवाय ‘मुक्काम’ आणि ‘पोस्ट’ यांत फरक असतो, लिहिणारा कारकून कित्येकदा फक्त पोस्टाचं गाव लिहून मोकळा झालेला असतो. तळवडे नावाची गावं एकाहून अधिक तालुक्यांत आहेत. ताईच्या फाइलमध्ये फक्त पोस्ट होतं आणि त्या पोस्टाखाली बरीच गावं. ज्या मामाने साक्षीदार म्हणून सही केली होती त्याच्या आडनावावरून खरं गाव निघालं.

गावात येऊन विचारपूस करू नका

कोकणात गाव म्हणजे वाड्या, आणि वाडीत बहुतेक एकाच आडनावाची घरं. एसटीतून अनोळखी बाई उतरली की पहिल्याच वळणावर कोणीतरी विचारतो, “खंयसून इलात? कोणाकडे जावचा आसा?” तुम्ही नाव सांगितलंत की तुम्ही घरी पोचण्याआधी ती बातमी घरी पोचते, आणि रात्रीपर्यंत ती मुंबईत परळ-लालबागपासून विरार-डोंबिवलीपर्यंतच्या सगळ्या चाकरमान्यांच्या मोबाइलवर असते. बाईचं वय, चेहरेपट्टी, कोणासारखी दिसते, सगळ्यासकट.

म्हणून सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, आशाताई, अंगणवाडी सेविका, गुरव, दुकानदार यांपैकी कोणालाही मध्यस्थ करू नका. माणसं वाईट नसतात, पण ती त्याच गावची असतात. शाळेचं रजिस्टर मागायला गेलात तर गुरुजी विचारणार, “कोण तुमची?” गावाच्या व्हॉट्सअॅप किंवा फेसबुक ग्रुपवर आईचं नाव टाकणं तर कधीच नको. एकदा टाकलेलं मागे घेता येत नाही.

मध्यस्थ बाहेरचा हवा: संस्थेची समाजसेविका किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाची अधिकारी. जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे ओरोसला किंवा रत्नागिरीला बसणारी बाई तालुक्याच्या गावात सर्वेक्षणाच्या, पेन्शनच्या, दवाखान्याच्या निमित्ताने भेटू शकते. तिच्याशी आधी नीट बोलून घ्या की घरी जायचं नाही, शेजारी चौकशी करायची नाही आणि आई एकटी असतानाच विषय काढायचा.

वेळेचंही भान ठेवा. गणपतीत आणि शिमग्यात घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं. मे महिन्यात आंब्याची काढणी, पेट्या भरणं, पोरांच्या सुट्ट्या. लावणीच्या दिवसांत घरातला प्रत्येक माणूस चिखलात. तुळशीचं लग्न झाल्यापासून शिमगा लागेपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात निवांत. आमच्याकडे पहिला निरोप नेमका गणपतीच्या आदल्या आठवड्यात आला. आई त्या वर्षी मोदकांत मीठ घालायला विसरली आणि वहिनीला वाटलं की आईला बहुधा विसरभोळेपणाचा आजार सुरू झाला.

पहिला निरोप

तपासायचं एवढंच: हा निरोप दुसऱ्याच्या हाती पडला तर काय होईल? या एका प्रश्नाने बहुतेक मार्ग आपोआप बाद होतात.

पत्र. गावात पोस्टमन पत्र त्या माणसाच्याच हातात देतो असं नाही, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जो बसला असेल त्याच्याकडे देऊन पुढे जातो. सही घेऊन द्यायचं पत्र असलं तर आणखी पंचाईत, कारण असं पत्र म्हणजे कोर्ट किंवा बँक असं घर धरून चालतं आणि सगळे मिळून ते फोडतात.

मोबाइल. साठी-सत्तरीच्या बाईचा मोबाइल तिचा एकटीचा असेलच असं नाही. आमच्या आईचा फोन नातवाकडे गेमला असतो. रेंज फक्त पायरीपाशी येते, कानाला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू, आणि पायरीवर शेजारची काकी पान खात बसलेली. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवलात तर तो आईच्या आधी भाचा बघेल.

त्यामुळे पहिला निरोप तोंडी, मध्यस्थामार्फत आणि अर्धाच द्यायचा. समाजसेविकेने आमच्या आईला विचारलेलं वाक्य मी पुढे पुष्कळांना दिलं आहे: “तुम्ही लग्नाआधी काही महिने कोल्हापूरला होतात. त्या वेळच्या एका माणसाची खुशाली सांगायची आहे. आत्ता बोलणं सोयीचं आहे का, की दुसऱ्या कुठे भेटू?” यात जन्म नाही, मूल नाही, आई नाही. ज्या बाईला समजायचं तिला समजतं आणि शेजारच्या बाईला काही कळत नाही. पुढे काय करायचं ते आईच्या हातात राहतं.

ती बोलायला तयार झाली तरच चिठ्ठी द्या. चार ओळींची पुरे, आणि वाचून झाल्यावर मध्यस्थाने ती परत घेऊन जावी. ताईची अशी होती: “मी बरी आहे. शिकले, नोकरी करते, माझा संसार आहे. मला चांगल्या माणसांनी वाढवलं. मला काही मागायचं नाही. तुम्हाला भेटावंसं वाटलं तर तुम्ही सांगाल तिथे आणि तुम्ही सांगाल तेव्हा येईन. नाही वाटलं तरी माझा राग नाही.” चिठ्ठीत ‘का सोडलंत’ हा प्रश्न घालू नका. तो पहिल्या पत्रात आला की ते पत्र हिशेब मागणारं वाटतं.

उत्तर लगेच येत नाही. आईला होकार कळवायला पावसाळा सरून थंडी पडावी लागली. एक आठवण मध्यस्थामार्फत द्यायला हरकत नाही, त्यापुढे दार वाजवू नका.

पहिली भेट

गावात भेटू नका, तालुक्यालाही नको. देवगड-जामसंडेच्या बाजारात आमच्या आईला ओळखणारी शंभर माणसं भेटतील. आपल्याकडची माणसं मोठ्या दवाखान्यासाठी आणि कामांसाठी घाट चढून कोल्हापूरला जातात, तेव्हा ‘डोळे दाखवायला’ हे निमित्त कोणालाही पटतं. उत्तर रत्नागिरीकडच्यांना चिपळूण किंवा पुणे, रायगडवाल्यांना मुंबई. आईबरोबर एकच माणूस असावं, तिने निवडलेलं. आमच्या आईने तिच्या धाकट्या बहिणीला नेलं. मावशीला सगळं आधीपासूनच ठाऊक होतं.

तासाभराची भेट ठरवा, परतीची गाडी आधीच बघून ठेवा. आणि फार अपेक्षा घेऊन जाऊ नका. ताईला वाटलं होतं की आई रडेल, सगळं सांगेल. आईने विचारलं, “जेवलंस?” मग नोकरी कुठे, घर स्वतःचं की भाड्याचं, सासू आहे का, पोरांची इयत्ता काय. येताना पिशवीतून कुळथाचं पीठ आणि आमसोलं आणली होती, ती ताईच्या हातात देऊन प्लॅस्टिकची पिशवी परत मागून घेतली. बाळंतपणाबद्दल ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या भेटीत, कोणी न विचारता, अर्धा तास बोलली.

तुमच्या बाजूने दोन गोष्टी मात्र पहिल्या-दुसऱ्या भेटीत विचारून घ्याव्यात अशा आहेत. एक, घरात साखर, रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग असं काही चालत आलं आहे का. दुसरी, वडील कोण आणि नात्यागोत्यात कोण कोण. हा दुसरा प्रश्न अवघड आहे, पण दत्तकानंतरही जन्मघराण्यात जिच्याशी किंवा ज्याच्याशी लग्न निषिद्ध होतं ते निषिद्धच राहतं, असं कायदा सांगतो. तुमचं किंवा मुलांचं लग्न व्हायचं असेल तर हे कामाचं आहे. उत्तर मिळालं नाही तर ताणू नका.

डीएनए तपासणीची घाई करू नका. घरपोच मागवलेल्या चाचण्यांतून अनोळखी नातेवाईक सापडायचे तर त्यांनीही कधीतरी ती चाचणी केलेली लागते, आणि आपल्या खेड्यापाड्यांतून ती कोण करतंय? ओळख पटवायला तिचा उपयोग आहे, पण तो दोघींच्या राजीखुशीने आणि कागदावरची जुळणी झाल्यावर.

फोटो काढलात तर तो फोनमध्येच ठेवा. स्टेटसला नको, ‘फक्त जवळच्या’ ग्रुपवरही नको.

सातबारा

घराला हादरा बसतो तो इथे, आणि याची तयारी कोणी करून येत नाही.

कोकणात बहुतेक जमिनी सामाईक. सातबाऱ्यावर आजोबांच्या सगळ्या वारसांची नावं, त्यातले निम्मे मुंबईत, काहींचा पत्ता नाही, आणि एक सही अडली की घराची दुरुस्तीसुद्धा अडते. आमच्या घरात ताई यायच्या आधीपासून वाद होता. वडिलांच्या वाटणीची कलमांची बाग विकून भावाला होम-स्टे बांधायचा होता आणि आई सही देत नव्हती. दोघांचं बोलणं वहिनीमार्फत चालायचं. त्यात आईने ताईचं सांगितलं. भाऊ खळ्यात उभाच राहिला आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं: “मगे आता सातबाऱ्यार नाव चढवूक इली काय ती?”

या वाक्याचा राग मलाही आला होता. पण वकिलाकडे बसल्यावर कळलं की प्रश्न अगदीच हवेतला नव्हता. तुमचं दत्तक कसं झालं यावर सगळं अवलंबून असतं.

दत्तक कायदेशीर झालं असेल तर १९५६च्या कायद्याप्रमाणे त्या दिवसापासून तुम्ही सर्व अर्थांनी दत्तक घराण्याच्या. जन्मघराण्याच्या मिळकतीत पुढे वारस म्हणून हक्क उरत नाही. अपवाद फक्त दत्तकाआधीच तुमच्या नावे आलेल्या मिळकतीचा, आणि संस्थेत सोडलेल्या तान्ह्या मुलीच्या बाबतीत तो सहसा नसतोच. कायदेशीर दत्तक नंतर रद्दही करता येत नाही. भाऊबंदांना हे वकिलाच्या तोंडून ऐकवलं तर पुष्कळ वाफ निघून जाते.

दत्तक कधी कायदेशीर झालंच नसेल, म्हणजे कागद न करता कोणाच्या पदरात टाकलं आणि शाळेत त्यांचं नाव लावलं, तर गोष्ट वेगळी होऊ शकते. हिंदू वारसा कायद्यात लग्नाबाहेर जन्मलेलं मूलही आईच्या नात्यात धरतात. म्हणजे आईच्या स्वतःच्या हिश्श्यापुरती तुम्ही वारस ठरू शकता. दत्तक देण्या-घेण्याचा विधी प्रत्यक्ष झाला होता का, याला इथे फार महत्त्व येतं. ‘मला काही नको’ हे तोंडी सांगण्याआधी स्वतःच्या स्थितीची माहिती घ्या, आणि ती तुमच्या वकिलाकडून घ्या, त्यांच्या वकिलाकडून नव्हे. मोफत सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

मग येतं हक्कसोड पत्र. घरच्यांपैकी कोणीतरी ते टाइप करून आणतंच. आमच्या भावाने आणलं. ताई सही करायला निघाली होती, तिला वाटलं एवढ्याने घर शांत होत असेल तर होऊ दे. वकिलांनी थांबवलं. म्हणाले, “नसलेला हक्क सोडून कसा देणार? आणि असलाच, तर न वाचता का देणार?” त्यांनी त्याऐवजी कोर्टाच्या दत्तक आदेशाची प्रमाणित प्रत भावाला दाखवली. प्रत दाखवली, दिली नाही, कारण त्यात ताईच्या घरच्यांचीही नावं होती.

आई हयात असताना स्वतःच्या मालकीचं काही मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकते, तुम्हालाही. ती तसं म्हणाली तर आनंद वाटेल, पण माझा सल्ला असा की बाग-जमीन घेऊ नका. पाटल्या, साडी, घरातलं एखादं भांडं घ्या. जमिनीचा तुकडा घेतलात की आईच्या मागे त्या घराशी तुमचं नातं फक्त तारखांपुरतं उरेल. मन मोठं करून म्हणतेय असं नाही. आमच्या गावात भावाबहिणींचे दिवाणी दावे कसे चालतात ते बघून म्हणते आहे.

घरात कोणाला, केव्हा, कोणी सांगायचं

सांगायचं आईने, तिला वाटेल तेव्हा. तुम्ही भावंडांना परस्पर फोन करू नका, समाजमाध्यमांवर मैत्रीची विनंती पाठवू नका. नवरा हयात असेल आणि त्याला माहीत नसेल तर ही गोष्ट आईसाठी धोक्याचीही ठरू शकते. मारहाणीची, घराबाहेर काढण्याची भीती असेल तर सगळं थांबवा. महिला हेल्पलाइन १८१ आहे, तिचा नंबर आईला तोंडपाठ करून द्या, कागदावर नको.

काही आया कधीच सांगत नाहीत. त्या तुम्हाला कोल्हापुरात भेटतील, वर्षानुवर्षं भेटतील, पण घरात आणणार नाहीत. हेही नातंच आहे.

गावात यायचं ठरलं तर ‘कोण म्हणून’ हे आधी ठरवा. सगळ्यांनी एकच सांगायचं, आणि ते शक्यतो खोटं नसावं. ताई आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा ‘मावशीच्या ओळखीतली’ म्हणून आली. खरंच मावशीने ओळख करून दिली होती. चार माणसांत ती आईला ‘मावशी’ म्हणते, एकटी असताना काय म्हणते ते मी विचारलेलं नाही. वहिनीने तिला दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापायला बसवलं, तेव्हा मला वाटलं की आता जमेल. भाऊ तिच्याशी अजूनही कामापुरतं बोलतो. त्याच्याकडून याहून जास्त मागण्याचा आम्हाला अधिकार आहे असं मला वाटत नाही. त्याला एका संध्याकाळी कळलं की तो थोरला नाही.

झोप उडणं, सतत रडू येणं, घरात चिडचिड हे तुमच्या, आईच्या किंवा भावंडांच्या, कोणाच्याही वाट्याला येतं. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. आमच्या घरात त्यावर सर्वांत आधी फोन कोणी केला असेल तर वहिनीने.

नकार आला तर

मध्यस्थाकडून फाइलमधली परिस्थितीची माहिती लेखी मागा, ती तुमच्या हक्काची आहे. आजारांची माहिती नाव न सांगता मिळेल का, हेही विचारायला सांगा. पुष्कळ बायका भेटीला नाही म्हणतात, पण एवढं कळवतात. तुमचा नंबर आणि पत्ता संस्थेच्या फाइलमध्ये नोंदवून ठेवा आणि बदलला की कळवा. सासू गेल्यावर, नवरा गेल्यावर, मुलीचं लग्न उरकल्यावर ज्या बायकांना बोलावंसं वाटतं, त्या फोन करायला जागा शोधतात. ती जागा बंद झालेला मोबाइल नंबर असू नये.

स्वतः जाऊन लांबून घर बघून येऊ का, असं मला विचारतात. जाऊ नका. वर सांगितलं तसं, लांबून बघणाऱ्या बाईला वाडी जवळून बघते.

पुढे चालू राहिलं तर

सणाला जाण्याचा हट्ट नको. पहिली काही वर्षं साध्या दिवसांत जा, राहायचं झालं तर एक रात्र. आईच्या औषधपाण्याला पैसे द्यावेसे वाटले तर ते भावाला सांगून द्या. चोरून दिलेले पैसे घरात कळतातच, आणि मग तोच भाऊ म्हणतो की आईला फितवली.

आणि एक गोष्ट जरा धीर करून लवकर बोलून घ्या: आईचं काही झालं तर तुम्हाला कळवणार कोण? घरात तेव्हा कोणाला सुचत नाही, आणि तुमचं नाव कोणाच्याच यादीत नसतं. अंत्यसंस्कार काही तासांत उरकतात, मुंबईहून रातोरात गाडी काढली तरी पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. आमच्याकडे ताईचा नंबर मावशीकडे, वहिनीकडे आणि माझ्याकडे आहे. मावशी थकली म्हणून गेल्या दिवाळीत तो तिच्या सुनेच्या फोनमध्येही घातला, ‘कोल्हापूर डोळे’ या नावाने.